निराळे नाणे

पुण्याच्या पूर्वेस, नगर रस्त्याला लागून आणि मुळा-मुठेच्या काठी खराडी हे गाव आहे. गाव म्हणावयाचे ते जुन्या सवयीने. कारण १९९७ मध्ये ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि पाहता पाहता शेतांच्या जागी काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. संगणकावर काम करणारे हजारो लोक तेथे रोज येतात आणि जातात. तरीही जुन्या गावठाणातील अरुंद गल्ल्या अजून पुरत्या नाहीशा झालेल्या नाहीत. अशाच एका गल्लीच्या तोंडाशी एक लहानसे किराणा दुकान होते.

दुकान आजोबांचे होते. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती, तरी गल्ल्यावरची बैठक सोडली नव्हती. नव्या इमारतींतील गिऱ्हाइके मोबाइलवरून पैसे चुकते करीत. परंतु गावातली म्हातारी माणसे, शाळेतली मुले आणि बांधकामावरचे मजूर यांचा व्यवहार बराचसा नाण्यांवरच चाले. रात्री दुकान बंद करण्यापूर्वी गल्ल्यातील चिल्लर ओतायची, रुपया, दोन, पाच, दहा, वीस असे निरनिराळे ढीग लावायचे आणि बेरीज वहीत मांडायची, हे काम सातवीत शिकणाऱ्या नातवाकडे असे. बेरीज बरोबर आली की आजोबा नुसती मान डोलावीत. नातवाला तेवढे बक्षीस पुरे होई.

आषाढातील एक संध्याकाळ होती. पाऊस एकसारखा कोसळत होता. आजोबा देवळात कीर्तनाला गेले होते आणि नातू एकटाच गल्ल्यावर बसला होता. इतक्यात डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतलेली एक म्हातारी दुकानाच्या पायरीशी आली. जवळच चाललेल्या बांधकामावर ती काम करीत असावी. तिच्या हातांना सिमेंट लागलेले होते. तिने चहाची पुडी, साखरेची पुडी आणि दुधाची लहान पिशवी मागितली. प्रत्येकाचे दहा रुपये. म्हातारीने पदराची गाठ सोडून दहा-दहाची तीन नाणी फळीवर ठेवली.

दोन नाणी मुलाने गल्ल्यात टाकली. तिसरे मात्र त्याने दिव्याजवळ धरले. इतर नाण्यांवर असणारे रुपयाचे चिन्ह त्याच्यावर नव्हते. आकड्याच्या वरच्या बाजूस किरणांसारख्या रेषा होत्या; त्या त्याने मोजल्या, तर पंधरा भरल्या. खऱ्या नाण्यावर दहाच रेषा असतात, पंधरा असल्या तर नाणे बनावट समजावे, असे त्याने शाळेत मुलांकडून ऐकले होते.

"आजी, हे नाणे खोटे आहे. हे चालणार नाही," तो म्हणाला.

"खोटं कसं असंल, लेकरा? मुकादमानं मजुरीत दिलंय."

"खोटेच आहे. यावर चिन्ह नाही."

म्हातारी क्षणभर नाण्याकडे पाहत राहिली. त्यावर काय लिहिले आहे हे तिला वाचता येत नसावे. मग तिने दुधाची पिशवी हळूच फळीवर परत ठेवली, नाणे पुन्हा पदरात बांधले आणि ती पावसातून निघून गेली.

आजोबा परत आले तेव्हा नातवाने मोठ्या उत्साहाने सारी हकीकत सांगितली. आज आपण दुकानाचे दहा रुपये वाचविले, असे त्याला वाटत होते. आजोबांनी सर्व ऐकून घेतले. मग त्यांनी फळीखालचा पत्र्याचा एक डबा काढला, त्यात थोडा वेळ शोधाशोध केली आणि एक नाणे त्याच्या तळहातावर ठेवले.

"असे होते का?"

मुलाने पाहिले. चिन्ह नव्हते. रेषा पंधरा होत्या.

"हो, अगदी असेच! पण हे तुमच्याजवळ कसे?"

"कारण ते खरे आहे," आजोबा शांतपणे म्हणाले. "रुपयाचे चिन्ह सरकारने स्वीकारले २०१० च्या जुलै महिन्यात. नाण्यांवर ते आले २०११ पासून. या नाण्यावरचे वर्ष वाच."

मुलाने वाचले. २००९ होते.

"जे चिन्ह तेव्हा अस्तित्वातच नव्हते, ते या नाण्यावर कोठून येणार? पंधरा रेषांचे नाणे आधीचे, दहा रेषांचे नंतरचे. दोन्ही सरकारी टाकसाळीतलीच. तुझ्यासारखीच पुष्कळांची समजूत झाली. दुकानदार, रिक्षावाले दहाची नाणी घेईनात. शेवटी १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की तोपर्यंत दहा रुपयांची नाणी चौदा निरनिराळ्या नमुन्यांत निघाली आहेत आणि ती सर्व चलनात आहेत."

मुलाचा चेहरा उतरला. फळीवरची दुधाची पिशवी अजून तशीच होती.

"मी फक्त नाण्याला खोटे म्हणालो, आजोबा. तिला काही बोललो नाही."

"तू नाण्याला म्हणालास, बाळ, पण ऐकले तिने."

आजोबा अधिक काही बोलले नाहीत. नातवाने मात्र त्या रात्री नाणी मोजताना प्रथमच प्रत्येक नाणे उलटसुलट करून पाहिले. आजवर त्याने हजारो नाणी मोजली होती. पण पाहिले असे एकही नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून दुकानातील गर्दी ओसरली की तो पत्र्याचा डबा उघडू लागला. आजोबांना नाण्यांचा नाद लहानपणापासूनचा. ते आठ-नऊ वर्षांचे असताना, १ एप्रिल १९५७ रोजी, आपल्या देशात दशमान पद्धतीची नाणी सुरू झाली. तोवर सोळा आण्यांचा रुपया होता. आता शंभर नव्या पैशांचा झाला. लोक नवे नाणे हातात घेऊन संशयाने उलटेपालटे करीत. जुना आणा आणि नवे पैसे यांचा हिशेब बसविताना दुकानदारांची त्रेधा उडे. लोकांच्या अंगवळणी पडेपर्यंत नाण्यावर 'नया पैसा' असे शब्द असत. पुढे १९६४ मध्ये 'नया' हा शब्द गेला आणि नुसता पैसा उरला. आता तर पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११ पासून चलनातूनही गेली आहेत. ती सारी आजोबांच्या डब्यात कागदाच्या पुड्यांत बांधलेली होती.

"नाण्याला प्रथम त्याचे गाव विचारावे," आजोबा सांगत. नाण्याचे गाव वर्षाच्या आकड्याखाली दडलेले असते. भारतात सरकारच्या चार टाकसाळी आहेत. वर्षाखाली पत्त्यांतील चौकटीसारखी लहानशी आकृती असली, तर ते नाणे मुंबईचे. मुंबईच्या टाकसाळीचे काम १८२९ पासून चालत आले आहे. पाच टोकांचा तारा असला, तर हैदराबादचे. ती टाकसाळ निजामाच्या राज्यात १८०३ मध्ये निघाली. नुसता ठिपका असला, तर ते दिल्लीजवळच्या नोएडाचे. तेथे १९८८ पासून नाणी पाडली जातात. आणि काहीच खूण नसली, तर ते कोलकात्याचे. जिला खूण नाही, तिची हीच खूण!

मुलाने एक जुनी वही घेतली आणि तिच्यात चार रकाने आखले. गल्ल्यातील नाणी तो आता भिंगाखाली धरून एकेका रकान्यात नोंदवू लागला. चौथ्याच दिवशी १९८५ चा एक रुपया त्याला अडवून बसला. वर्षाखाली ना चौकट, ना तारा, ना ठिपका. तेथे इंग्रजी 'एच्' हे अक्षर होते.

"हा तर पाचवाच कोणी निघाला!" मुलगा उद्गारला.

"तो परदेशातून आला आहे," आजोबा हसून म्हणाले. देशात नाण्यांची टंचाई झाली, की सरकार कधी कधी परदेशी टाकसाळींकडूनही नाणी पाडून घेई. हा रुपया इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीतला. १९९७ च्या काही रुपयांवर 'एम्' आणि त्याच्या डोक्यावर इवलासा 'ओ' दिसतो. ते मेक्सिकोहून आले. १९९८ च्या काही रुपयांवर 'एम्' आणि 'के' ही अक्षरे असतात. ते स्लोव्हाकियातील क्रेम्निका नावाच्या गावचे. तेथील टाकसाळ १३२८ पासून, म्हणजे जवळजवळ सातशे वर्षांपासून नाणी पाडत आली आहे. खराडीच्या गल्ल्यात पडलेला एक रुपया इतक्या दुरून आला असेल, हे मुलाच्या कधी स्वप्नातही आले नव्हते.

परंतु निराळेपण सगळेच असे ठरवून केलेले नसते. काही वेळा टाकसाळीच्या हातूनही चूक होते. ती कशी होते हे कळण्यास नाणे कसे जन्मते ते ठाऊक असावे लागते. प्रथम धातूचा लांब पत्रा करतात. त्यातून यंत्राने गोल चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात आणि त्यांच्या कडा किंचित उचलून घेतात. मग एकेक कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये, एका पोलादी कड्यात बसते. वरचा ठसा प्रचंड दाबाने खाली येतो आणि दोन्ही बाजू एकाच वेळी उमटतात. हे सर्व डोळ्याचे पाते लवण्याच्या आत होते. एवढ्या वेगात हजारो-लाखो नाणी पडत असताना एखाद्या वेळी काहीतरी निसटून जाते.

आजोबांनी डब्यातून दोन रुपये काढले. दोघांवरही चेहऱ्याच्या आरपार जाईल अशी एकेक बारीक रेघ होती.

"यांतली एक रेघ टाकसाळीत पडली आहे आणि दुसरी बाजारात. ओळख पाहू."

मुलाने भिंगातून पाहिले. त्याला फरक दिसेना.

"डोळ्याने नाही, नखाने पाहा."

मुलाने रेघेवरून नख फिरविले. एका नाण्यावर नख अडखळून वर चढले, दुसऱ्यावर ते खाचेत उतरले. आजोबांनी उलगडा केला. ठसा दाब सोसून सोसून शेवटी तडकतो. तडकलेल्या ठशाच्या फटीत चकतीचा धातू शिरतो आणि म्हणून नाण्यावर उठावाची रेघ येते. पुढे कोणी दगडावर घासले, तर मात्र धातू खरवडला जातो आणि रेघ खोल पडते. उठलेली रेघ जन्माची, खोल रेघ नंतरची.

अशा किती तरी गोष्टी त्या पावसाळ्यात मुलाला समजल्या. पाडलेले एखादे नाणे ठशालाच चिकटून राहिले, तर त्यानंतरच्या चकतीवर एका बाजूस नीट छाप उठतो आणि दुसऱ्या बाजूस तोच छाप उलटा व खोलगट उमटतो, जणू आरशातले प्रतिबिंब. आपल्याकडील संग्राहक अशा नाण्याला 'लखी' म्हणतात. पत्रा नीट पुढे सरकला नाही, तर आधी कापलेल्या भोकाचा काही भाग नव्या चकतीत येतो आणि नाण्याचा एक घास कोणी खाल्ला आहे असे दिसते. लबाड माणसे कानशीने घासूनही असा घास पाडतात. पण खरी चूक ओळखण्याची एक युक्ती आहे. घासाच्या बरोबर समोरची कड पाहावी. चकतीची कड उचलताना दोन्ही बाजूंनी दाब लागतो. एका बाजूस धातूच नसेल, तर समोरच्या बाजूसही दाब पुरा बसत नाही आणि तेथली कड फिकी, सपाट राहते. कानशीने घासणाऱ्याला एक बाजू खोटी करता येते. समोरची बाजू मात्र त्याचे बिंग फोडते.

परदेशांतही अशा चुका झालेल्या आहेत. अमेरिकेत डेन्व्हर येथील टाकसाळीत १९३७ मध्ये पाच सेंटांच्या नाण्याचा एक ठसा घासून साफ केला गेला. त्या नाण्यावर बायसन नावाच्या रानबैलाचे चित्र होते. घासण्याच्या भरात त्याचा पुढचा एक पाय पुसला गेला आणि तीन पायांचा बैल बाजारात आला! ब्रिटनमध्ये २००८ साली वीस पेन्सच्या नाण्याचे रूप बदलले. जुन्या नाण्यावर वर्ष एका बाजूला होते, नव्यावर ते दुसऱ्या बाजूला घेतले. गडबडीत एक ठसा जुना आणि एक नवा असे जोडले गेले, आणि दोन्हींकडून वर्षच नाही अशी नाणी लोकांच्या हाती गेली.

यंत्राची चूक नसतानाही नाणे कधी फसते. १९११ मध्ये पाचव्या जॉर्ज बादशहाचा रुपया निघाला. बादशहाच्या झग्यावर एक लहानसा हत्ती कोरलेला होता. परंतु त्याची सोंड इतकी आखूड झाली होती, की लोकांना तो डुक्कर वाटला. लोकांच्या भावना दुखावल्या, सरकारला तो रुपया मागे घ्यावा लागला आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीची सोंड नीट कोरण्यात आली. येथे यंत्राने आपले काम चोख केले होते; चुकला होता तो कोरणाऱ्याचा हात.

हे ऐकून मुलगा म्हणाला, "म्हणजे चांगले नाणे तेच, जे दुसऱ्यासारखे हुबेहूब असते. नाही का, आजोबा?"

आजोबा उठले आणि आतल्या घरात गेले. देव्हाऱ्यातील तांब्याचे एक जाड, काळवंडलेले नाणे त्यांनी आणले. ती शिवराई होती. शिवाजी महाराजांच्या काळापासून महाराष्ट्रात चाललेला हा तांब्याचा पैसा. एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्र पति' अशी अक्षरे. महाराजांच्या मागूनही पुढे कितीतरी वर्षे, पेशवाईत आणि त्यानंतरही, शिवराई पाडली जात होती. ती हाताने पाडीत. कारागीर ठशावर घण घाली. चकती कधी लहान, कधी लांबट, तर ठसा कधी मधोमध बसे, कधी एका अंगाला. एखाद्या शिवराईवर 'राजा' पुरता दिसतो तर 'श्री' बाहेर राहतो. कोठे 'शिव' आहे तर कोठे 'सिव'.

"हिच्यासारखी दुसरी हुबेहूब शिवराई तुला सबंध महाराष्ट्रात मिळणार नाही," आजोबा म्हणाले. "तरी बाजारात ती चालली, आणि आज लोकांनी ती देव्हाऱ्यात ठेवली आहे. निराळेपणा हा दोष नव्हे, बाळ. निराळे दिसले की आधी विचारावे, हे असे का? उत्तर मिळाल्यावाचून खोटे म्हणू नये, आणि अमोलही म्हणू नये."

'अमोलही म्हणू नये' हे शब्द आजोबांनी का घातले, ते मुलाला लौकरच कळले. एका रात्री ढीग लावताना त्याच्या हाती पोलादाचा एक रुपया आला आणि तो जागच्या जागी उभाच राहिला. रुपयावरील छाप एका बाजूस सरकलेला होता आणि दुसऱ्या बाजूस द्वितीयेच्या चंद्रकोरीएवढी जागा कोरी होती. वर्ष मात्र स्पष्ट दिसत होते, २०१२. त्याने कड तपासली. कोठे कानशीची खूण नव्हती. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सोनाराने काट्यावर त्याचे वजन करून दिले. या प्रकारच्या रुपयाचे ठरलेले वजन ३.७९ ग्रॅम, आणि काटा तेथेच थांबला. धातू कमी झाला नव्हता, फक्त छाप सरकला होता. चूक अस्सल होती.

ही वार्ता शाळेत पसरण्यास वेळ लागला नाही. एका मित्राने सांगितले, की अशा नाण्यांना लाखो रुपये मिळतात. त्याने मोबाइलवर तशी जाहिरातही पाहिली होती. आधी थोडी नोंदणीची रक्कम भरायची, मग रिझर्व्ह बँकेची माणसे घरी येऊन नाणे घेऊन जातात! मुलाच्या डोळ्यांपुढे लाखांचे आकडे नाचू लागले. त्या रात्री बेरीज दोनदा चुकली.

आजोबांनी कारण विचारले, तेव्हा त्याने सगळे सांगितले.

"जो आपल्याला पैसे देणार आहे, तो आधी आपल्याकडूनच पैसे का मागतो?" आजोबांनी एवढेच विचारले.

मुलगा निरुत्तर झाला. मग आजोबांनी सांगितले, की रिझर्व्ह बँकेचे नाव पुढे करून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात लोकांकडून पैसे उकळण्याचे प्रकार घडत होते. म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेनेच लोकांना सावध केले. आपण असल्या व्यवहारात पडत नाही आणि त्यासाठी कोणाकडून दलालीही घेत नाही, असे तिने स्पष्ट केले.

"मग या रुपयाची किंमत किती, आजोबा?"

"दुकानात एक रुपया. ज्याला नाण्यांचा नाद आहे, तो आणखी काही देईल. पण हे नाणे घडले कसे हे तू स्वतः शोधून काढलेस. त्याची किंमत तुझी तूच कर."

मुलगा थोडा वेळ विचार करीत राहिला. मग त्याने आपल्या दप्तरातून खाऊचा एक साधा रुपया काढला, तो गल्ल्यात टाकला आणि तो सरकलेल्या छापाचा रुपया कागदात गुंडाळून आपल्या वहीत ठेवला. नाणे कितीही नवलाचे असले, तरी ते दुकानाच्या गल्ल्यातले होते. हिशेबात ते एका रुपयाचेच होते. आजोबांनी हे पाहिले आणि मान डोलावली. त्या दिवशी बेरीज मांडण्याच्या आधीच मान डोलावली गेली.

हे सर्व चालले असता मुलाच्या मनातून ती म्हातारी गेली नव्हती. पहिले काही दिवस तो पायरीकडे पाहत राही. बांधकामावर जाऊन त्याने चौकशीही केली; परंतु तेथे माणसे रोज बदलत आणि नाव ठाऊक नसलेल्या म्हातारीला शोधायचे कसे? दहाची नाणी हाती आली, की त्यांतील पंधरा रेषांचे नाणे त्याला आता लगेच ओळखू येई आणि प्रत्येक वेळी फळीवर परत ठेवलेली ती दुधाची पिशवी आठवे. दुकानात येणाऱ्या कोणाचे नाणे कोणी नाकारले असे कळले, की तो त्यांना वर्ष दाखवी, खूण दाखवी, रेषा मोजून दाखवी. पण ज्या एका माणसाला हे सांगावयाचे होते, ते माणूस येत नव्हते.

श्रावण लागला. उन्हापावसाचा खेळ सुरू झाला. एके दिवशी दुपारी ती म्हातारी दुकानाशी आली. या खेपेस तिच्याबरोबर तीन-चार वर्षांची एक मुलगी होती. म्हातारीने गल्ल्यावर त्याच मुलाला पाहिले आणि ती जराशी थबकली. मग तिने दुधाची पिशवी मागितली आणि पदराची गाठ सोडून एक दहाचे नाणे पुढे केले. पुढे करताना ते तिने आधी स्वतःच उलटसुलट करून पाहिले. त्यावर चिन्ह आहे की नाही, एवढे ओळखायला तीही शिकली होती.

"हे चालंल ना, लेकरा?"

"चालेल, आजी," मुलगा घाईने म्हणाला. "आणि त्या दिवशीचे तेही चालत होते. चूक माझी होती. ते तुमच्याजवळ आहे का?"

म्हातारीने मान हलविली. "हाय की. कुणी घेतच न्हाई, म्हून पडून हाय." तिने पदराच्या दुसऱ्या टोकाची गाठ सोडली. ते नाणे तिने निराळे बांधून ठेवले होते.

मुलाने ते घेतले, दिव्याजवळ न नेताच गल्ल्यात टाकले आणि दुधाच्या दोन पिशव्या फळीवर ठेवल्या. म्हातारीच्या चेहऱ्यावर प्रथम अविश्वास आणि मग हसू उमटले. नातीने एक पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"मी खोटं दिलं नव्हतं रं, बाळा," जाता जाता म्हातारी म्हणाली.

"ठाऊक आहे, आजी," मुलगा म्हणाला.

रात्री ढीग लावताना ते नाणे पुन्हा त्याच्या हाती आले. त्याच्या कडा झिजल्या होत्या, मधल्या पांढऱ्या भागावर ओरखडे पडले होते. पंधरा रेषा मात्र अजून मोजता येत होत्या. वर्षाखाली ठिपका होता. मुलाने वहीत नोएडाच्या रकान्यात त्याची नोंद केली. ते डब्यात ठेवावे, असे क्षणभर त्याच्या मनात आले. मग त्याने विचार बदलला आणि नाणे दहाच्या ढिगावर, इतर नाण्यांच्या बरोबरीने ठेवून दिले. इतके दिवस ते पदराच्या गाठीत अडकून पडले होते. आता ते उद्या कोणाच्या तरी हाती सुटे पैसे म्हणून जाणार होते, तेथून आणखी पुढे जाणार होते. आणि नाण्याचे काम ते हेच.